डावा, उजवा आणि बाबांचा स्कॅन

थोरली जाऊ: हात लावू नकोस त्याला. आधी मला सांग, आज म्हणजे आजच का?

धाकटी जाऊ: ताई, दार लावून घ्या, सर्व्हर रूममधली गार हवा बाहेर जातेय. आजच, कारण बॅटरी फुगलीय. हे बघा, झाकण वर आलंय.

थोरली जाऊ: मला बॅटरीचं कौतुक नको सांगूस. मला एवढंच कळतं, की हॉस्पिटलातले सगळे स्कॅन या कपाटात आहेत आणि थोड्या वेळानं आपल्या बाबांना ऑपरेशन थिएटरमध्ये घेताहेत. आणि तू, घरची सून, नेमकं आत्ताच हे बंद करायला निघालीस.

धाकटी जाऊ: सगळं नाही बंद करत. हे कपाट चालवणारे दोन कंट्रोलर आहेत. हा डावा, हा उजवा. सगळ्या डिस्क दोघांनाही दिसतात. डावा थांबला की त्याचं काम उजवा ओढतो. थिएटरच्या पडद्यावर काही कळणारसुद्धा नाही.

थोरली जाऊ: दूध तापत ठेवलं होतंस, तेव्हाही असंच म्हणाली होतीस.

धाकटी जाऊ: एकदाच उतू गेलं. आणि तुम्ही ठेवूही एकदाच दिलंत.

थोरली जाऊ: विषय बदलू नकोस. ऑपरेशन होऊन जाऊ दे. संध्याकाळी घाल काय तो गोंधळ.

धाकटी जाऊ: संध्याकाळपर्यंत ही डाव्याची बॅटरी तग धरेल, असं सांगता येतंय तुम्हाला? मला नाही सांगता येत. लिहिता लिहिता वीज गेली, तर अर्धवट राहिलेलं जपून ठेवायचं, हे तिचं काम. ती मेली की डावा मध्येच कोसळणार, सर्जनबाईंच्या हातात सुरी असताना. उजवा धावेल, पण धडपडत धावेल. त्यापेक्षा मी आत्ताच डाव्याला हात धरून खाली बसवते आणि बॅटरी बदलते. कोसळणं वेगळं आणि बसणं वेगळं, ताई.

थोरली जाऊ: मग बाबांचा स्कॅन फिल्मवर छापून घेऊ.

धाकटी जाऊ: गाठीच्या मागून शीर गेलीय ना त्यांच्या? सर्जनबाई ती पडद्यावर फिरवून बघतात. फिल्म फिरत नाही.

थोरली जाऊ: हे तू मला शिकवतेस? त्या थिएटरची इन्चार्ज सिस्टर मी आहे.

धाकटी जाऊ: म्हणून तर तुम्हालाच तिकडे पाठवतेय. पडद्यासमोर उभ्या राहा, बाबांचा स्कॅन उघडा आणि फोन चालू ठेवा. मी फक्त त्या एका पडद्याची डाव्याकडची वाट अडवते. चित्र टिकलं, तर डावा बंद करायचा. नाही टिकलं, तर मी डाव्याला बोटही लावणार नाही.

थोरली जाऊ: तुझ्या यंत्रावर तर सगळं हिरवं दिसतंय.

धाकटी जाऊ: तो नुसता दिवा आहे. चित्र दिसतं की नाही, ते माणसानंच बघायला हवं. बंद करण्याआधी प्रत्येक विभागाचं मी असं बघून घेते. बाकी सगळे झाले. तुमचं थिएटरच राहिलंय, कारण तुम्ही तिथं कोणाला पाऊल टाकू देत नाही.

(थोरली तणतणत वर जाते. पुढचं सगळं बोलणं फोनवर.)

सासरे: हॅलो. मी बोलतोय.

धाकटी जाऊ: बाबा? फोन तुमच्याकडे कसा?

सासरे: मोठी हात धुवायला गेली, इथं थिएटरबाहेर माझ्या पलंगावर ठेवून. काय गं, माझी गाठ दिसेनाशी करणार आहेस म्हणे? कायमची करता आली तर बघ, सगळ्यांचाच खटाटोप वाचेल.

धाकटी जाऊ: तेवढं माझ्या खात्यात येत नाही, बाबा. भूक लागलीय?

सासरे: पोटात कावळे ओरडताहेत. पण ऐक. मोठी घाबरलीय. तिला तसं म्हणू नकोस हं, चवताळेल.

धाकटी जाऊ: आणि तुम्ही?

सासरे: मला काय, मला झोपवणारच आहेत. तू एक खरं सांग. माझ्या जागी तुझे स्वतःचे वडील असते, तरी हे केलं असतंस?

धाकटी जाऊ: केलं असतं. आत्ताच.

सासरे: मग मला दुसरं काही विचारायचं नाही. घे, आली बघ ती.

थोरली जाऊ: काय कुजबुजत होता दोघं? असू दे. उभी आहे पडद्यासमोर. गाठ दिसतेय, शीर दिसतेय.

धाकटी जाऊ: चित्र फिरवत राहा. अडवतेय.

थोरली जाऊ: काळा झाला. अगं, पडदा काळा झाला.

धाकटी जाऊ: वाट सोडली परत. आलं चित्र?

थोरली जाऊ: आलं. बघितलंस? मी घसा फोडून सांगत होते, नको म्हणून.

धाकटी जाऊ: बघितलं, आणि आत्ता बघितलं ते बरं झालं. मी काहीच केलं नसतं आणि ऑपरेशनच्या मध्ये डावा आपणहून गेला असता, तरी पडदा असाच काळा झाला असता. ताई, पडद्यामागून दोन वायरी निघतात, एक निळी, एक पिवळी. हातात धरून भिंतीपर्यंत जा. तिथं शेजारी शेजारी दोन पेट्या आहेत. कोणती वायर कोणत्या पेटीत जाते?

थोरली जाऊ: दोन्ही डावीकडच्या.

धाकटी जाऊ: एक उजवीकडे हवी. म्हणजे दिसायला दोन वाटा, पण जाणार दोन्ही डाव्याकडेच. थिएटरला रंग दिला, तेव्हा कोणीतरी काढून परत लावल्या असणार. ताई? ऐकताय ना?

थोरली जाऊ: मीच लावल्या.

धाकटी जाऊ: तुम्ही?

थोरली जाऊ: रंगारी गेले, दुसऱ्या दिवशी ऑपरेशनं होती आणि या वायरी लोंबत होत्या. दोन भोकं मोकळी दिसली, खुपसल्या. चित्र आलं. म्हटलं, एवढ्याशासाठी तुला कशाला बोलवायचं.

धाकटी जाऊ: मी खालच्याच मजल्यावर होते.

थोरली जाऊ: माहीत आहे गं. आता बोल मला काय बोलायचं ते.

धाकटी जाऊ: नंतर बोलेन, निवांत. आता निळीला हात लावू नका. पिवळी काढा आणि उजवीकडच्या पेटीत लावा. टक् असा आवाज येईपर्यंत दाबा.

थोरली जाऊ: आला आवाज. पण थांब. वायरवरचा हात निघत नाही माझा.

धाकटी जाऊ: नका काढू. डोळे तेवढे पडद्यावर ठेवा.

थोरली जाऊ: ठेवलेत. फिरतंय चित्र. कधी अडवणार आहेस?

धाकटी जाऊ: केव्हाच अडवलंय.

थोरली जाऊ: खरंच? जरासुद्धा हललं नाही.

धाकटी जाऊ: बोला आता. थिएटर तुमचं आहे, शब्द तुमचा.

थोरली जाऊ: कर बंद.

धाकटी जाऊ: डाव्याला नवं काम देणं थांबवलं. त्याच्या हातातलं सगळं डिस्कवर उतरतंय. उतरलं. आता उजवा घेतोय. घेतलं सगळं. डावा बंद. चित्र?

थोरली जाऊ: फिरतंय. या उजव्याला एकट्याला झेपेल ना पण?

धाकटी जाऊ: झेपतंय की. त्याच्यावर कोणी कधी टाकलं नव्हतं, एवढंच.

थोरली जाऊ: टोमणा कळला मला.

धाकटी जाऊ: टोमणा नाही, ताई. बरं, थोडासा आहे. जुनी बॅटरी काढली. नवी बसली. डाव्याला उठवतेय. आला शुद्धीवर. त्याचं त्याला परत दिलं. तुमची पिवळी वायर आहे तिथंच राहू दे. झालं, ताई. आता खुशाल न्या बाबांना.

थोरली जाऊ: नेलं त्यांना आत. जाताना हसत होते. मी नाही गेले बरोबर.

धाकटी जाऊ: तुम्ही नाही गेलात?

थोरली जाऊ: साध्या वायरवरचा हात निघेना, अशी त्यांच्याजवळ नाही उभी राहायची मी. धाकट्या सिस्टरला म्हटलं, आज तू सांभाळ. चांगली आहे मुलगी. मी बाहेर बाकावर बसलेय. इतकी वर्षं लोकांना या बाकावर मीच आणून बसवते. इथं बसून नेमकं करायचं काय असतं, ते मला ठाऊकच नाही गं.

धाकटी जाऊ: काही नाही करायचं. थोडं सरकून बसा. आलेच मी.