तेरावी खुंटी

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊ. ज्याला गावानं हाकललं, तो दुसऱ्याला हाकलेल का हो? — कोण म्हणालं 'नाही'? हात वर करा! बरं, आता तो हात तसाच ठेवा आणि ऐका.

साडेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. अमेरिका! विलायतेहून माणसं बोटीत बसून तिकडं गेली. कशाला? तर 'आम्हाला आमच्या मनासारखी भक्ती करू द्या' म्हणून! गेली, गाव वसवलं, आणि पहिला नियम काय केला? — इथं भक्ती करायची ती आमच्याच मनासारखी! हसू नका. आपली भजनी मंडळं काय वेगळी फुटतात?

त्या गावात एक सुतार होता, ओबद्या. बायकोचं नाव पेशन्स, म्हणजे सहनशीलता. आईबापांना जावई आधीच दिसला असणार! तर हा ओबद्या म्हणायचा, "तान्ह्या पोराच्या डोक्यावर पाणी शिंपडून धर्म देऊ नका. पोराला कळू द्या, त्याला मागू द्या." झालं! पंच बसले. "ओबद्या, सूर्य मावळायच्या आत हद्द सोड!" बाहेर गुडघाभर बर्फ! हा निघाला, आणि मागं पेशन्स, पाठीवर बोचकं घेऊन.

चालत चालत पोचले खाडीकाठी. तिथल्या मूळच्या लोकांनी 'तुझा देव कुठला' म्हणून विचारलंसुद्धा नाही. मका दिला, राहायला जागा दिली. हळूहळू आणखी हाकललेले आले. बारा घरं झाली, मध्ये प्रार्थनाघर झालं. दाराशी ओबद्यानं बारा घरच्या बारा कर्त्यांसाठी बारा खुंट्या ठोकल्या. यायचं, टोपी अडकवायची, बसायचं. आपल्याकडं बोडक्यानं देवळात गेलं की म्हातारी माणसं ओरडतात. तिकडं झाकल्या डोक्यानं गेलं की! देव एक, टोपीचे कायदे दोन.

एका थंडीत तिथं हनोख आला. त्याच जुन्या गावानं हाकललेला! बरोबर बायको, दिवस भरत आलेली. रविवारी आला आणि टोपीसकट बसला!

"टोपी!" ओबद्या म्हणाला.

"देवाशी बोलताना काढतो. प्रवचन माणसाचं. माणसापुढं नाही काढत."

आणि प्रवचन कोण करत होतं? ओबद्याच! मंडळी, खोटं कशाला बोलू, त्या जागी मी असतो तर मलाही झोंबलं असतं. ओबद्या गरजला — "सूर्य मावळायच्या आत हद्द सोड!"

शब्द ओळखीचे वाटले ना? त्याला नाही वाटले! घरी येऊन बघतो, तर पेशन्स बोचकं बांधतेय.

"अगं, कुठं निघालीस?"

"हद्द सोडायला."

"तुला कुठं म्हटलं मी?"

"मागच्या वेळीही मला कुणी म्हटलं नव्हतं. तुम्हाला म्हटलं होतं. चालले ना मी बर्फातून? त्या पोरीलाही कुणी काही म्हटलेलं नाही. पण पोट सांभाळत चालणार तीच! तिच्या सोबतीला कुणी नको?"

 ओबद्याच्या डोळ्यांत पाणी आलं.  लाकडाचा तुकडा घेतला, तासायला लागला. सूर्य मावळायच्या आत हनोखला हाताला धरून प्रार्थनाघरात नेलं. तेरावी खुंटी ठोकली, हलवून बळकट केली!

"ही तुझी."

"पण मी टोपी अडकवणार नाही."

"नको अडकवूस. रिकामी राहू दे. पण ती तुझी."

पुढच्या रविवारी हनोख टोपी घालून पहिल्या बाकावर! ओबद्याचं प्रवचन तीनदा अडखळलं, नजर सारखी टोपीकडं! पण पुरं केलं. आठवड्यानं पोर झालं. पाळणा कुणी केला, सांगायला हवं?

त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडलं का? नाही! ते मोठं होऊन ठरवील.

आता तुमचं. सून देवपूजा तिच्या पद्धतीनं करते म्हणून तिच्याशी अबोला धरलाय कुणी? भाऊ दुसऱ्या पंथात गेला, म्हणून पंगतीतलं त्याचं पान उचललंय? नाव घेत नाही. पण एकानं मान खाली घातली! हात केव्हाच खाली आलाय त्याचा!

अहो, घरी जा, एक खुंटी ठोका, आणि उद्या त्याला बोलवा. आता म्हणा विठ्ठल — टोपीवाल्यांनीही, बोडक्यांनीही!