हीटच्या बल्बवरची सुकडी

तुमी कधी आपल्या मायला चारचौघांत खाली बघायला लावलंय का? न्हाय म्हणायच्या आधी जरा आठवून बघा. म्या लावलंय, म्हणून विचारतो.

आमी येरमाळ्याजवळच्या खेड्यातले. छप्पन सालानंतर बापानं दीक्षा घेतली तवा मी शाळेत नुकता जाया लागलो होतो. घरी आल्यावर त्यानं देव्हाऱ्यातलं सगळं टोपल्यात भरलं, ओढ्यात नेऊन सोडलं, आणि मायला म्हणला, आता दगडापुढं हात जोडायचे न्हाईत आणि पाटलापुढं बी न्हाईत. माय व्हय म्हणली. ती कुणालाच कधी न्हाय म्हणली न्हाय. पुढं एका विहिरीच्या कामावर दरड ढासळली, बाप त्याखाली गेला, आणि तवापासनं मायचं एकच पालुपद, किसन, खड्ड्याच्या काठाला जाऊ नको.

आणि मला काम मिळालं ते काठावरचंच, काय सांगू तुमाला. कळंबला ट्रकांच्या वायरिंगचं काम शिकलो होतो. दुष्काळ पडला, आमच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालं, त्यावर बुलडोझर आला, आणि डोझर चालवणाऱ्या रसूलभाईंनी मला वायरिंग बघायला बरोबर घेतलं. माणसं टोपल्यानं माती आणून टाकायची, डोझरनं ती बांधाच्या काठावर पसरून दाबायची. डोझर थांबला की मुकादम माती थांबवायचा, माती थांबली की सगळी माणसं घरी. त्या माणसांत माझी माय बी होती, डोक्यावर टोपलं घेऊन.

तर त्या डोझरला एक खोड लागली. मंगळवार आला की सकाळी चालू केल्यावर थोड्याच वेळात हीटच्या मीटरचा काटा लालवर, आणि काटा लालवर गेला की मशीन बंद ठेवायचं. आता त्याला सेन्सर म्हणतात, तवा आमी हीटचा बल्ब म्हणायचो, इंजनाच्या डोक्यात बसवलेला पितळी बल्ब, त्याच्या शेंड्याला एक वायर, ती वायर मीटरला. रसूलभाई रेडिएटरवर हात ठेवून म्हणायचे, अरे किसन, इंजन ठंडा हाय और काटा बुखार बतारा. म्या बल्बवरची वायर काढली, काटा खाली आला. म्हणजे मीटर बरा, वायर बी बरी. वायर लावली, परत लाल. म्हणजे दोष बल्बात, असं म्या ठरवलं आणि नवा बल्ब बसवला. सहा दिवस गुमान चालला, मंगळवारी परत तेच. आणि दुपारी ऊन चढलं की काटा आपसूक जाग्यावर. पण तवर माणसं माघारी गेलेली असायची.

मुकादम सगळ्यांच्या देखत बोलला, देवीचा वार हाय, ह्यांनी देव पाण्यात सोडले आणि ह्याचाच हात मशीनला लागतो, मग दुसरं काय व्हायचं. पुढच्या मंगळवारी मशीन थांबलं तर किसनला टोपलं उचलू द्या, मशीनला हात लावू देऊ नका. मी खाली बघत राहिलो. पण आतून पेटलो होतो, लई पेटलो होतो.

पुढच्या मंगळवारी काटा चढल्याबरोबर मी इंजनावर चढलो. बल्बच्या शेंड्याला मुंग्यांची रांग लागली होती. लोखंडाला मुंग्या कशाला येतील? बोटानं खरवडलं तर पिवळट चिकट लगदा, वास घेतला तर गुळाचा. सुकडी. कामावर आमाला वाटायचे ना, गूळ-शेंगदाण्याची, ती सुकडी. कुणीतरी मंगळवारी पहाटे बल्बवर सुकडी ठेवून वर पाण्याची धार सोडत होतं. ते ओलं गुळपाणी शेंड्यावरनं इंजनाच्या अंगाला लागायचं, तिथनंच करंट उतरायचा, आणि मीटरला वाटायचं इंजन तापलं. दुपारी वाळलं की सगळं ठीक. बल्ब पहिला बी चांगलाच होता.

बस्स, मला तोंड फुटलं. चिंधीवर तो लगदा घेऊन मी मातीच्या ढिगावर उभा राहिलो आणि भाषण ठोकलं. बघा म्हणलं तुमची देवी, हिच्यापायी तुमची चूल बंद पडते. असल्या अडाणी माणसांमुळं देश मागं हाय. कुणाचं हे शेण खाणं, त्यानं पुढं यावं. मुकादमाकडं बघूनच बोलत होतो.

बायकांच्या रांगेतनं माय पुढं आली. टोपलं खाली ठेवलं. म्हणली, माझं हाय.

मुकादम हसला. म्हणला, आता बोल, भाषणवाल्या. मग सगळेच हसले. मला धरणी फाटावी असं झालं, आणि खरं सांगतो, तवा लाज मला माझी न्हाय, तिची वाटली. म्या वराडून विचारलं, दीक्षा घेतलीस ना गं तू, मग हे काय? ती खालीच बघत होती. हळू बोलली, हळद न्हाय लावली, कुंकू न्हाय लावलं, तुझ्या बापाचा शब्द नासवला न्हाय. माझ्या वाटणीची सुकडी, माझ्या पिण्यातलं पाणी. मशीन थांबलं की तू काठावरनं खाली येतोस, बाभळीखाली बसतोस, मला दिसतोस. मला वाटलं, देवीनं ऐकलं माझं.

रसूलभाई खाली उतरले. हसणाऱ्यांकडं त्यांनी असं बघितलं की हसू थांबलं. मायचं टोपलं उचलून तिच्या हातात दिलं, म्हणले, मावशी, खाऊ घालायचं तर मला घाला, मी बी काठावरच बसतो. मग जुन्या ट्यूबचा तुकडा कापून त्यांनी बल्बवर टोपी चढवली आणि मशीन चालू केलं. माती पडायला लागली. माझं काम राहिलं. मुकादम परत काही बोलला न्हाय.

पण माय दुसऱ्या दिवसापासनं खडी फोडायच्या टोळीत गेली, तलावाच्या पार पलीकडं, तिथनं डोझर दिसत नव्हता. मी बोलवायला गेलो न्हाय. आणि सुकडी तिनं त्यानंतर खाल्लेली म्या बघितली न्हाय.

आता मी सहकारी कारखान्याच्या वर्कशॉपात हाय. कुठल्या बी मशीनचा काटा उगाच चढला की बल्ब बदलायच्या आधी मी शेंड्याचा वास घेतो, पोरं हसतात. माय थकलीय, डोळ्यांना कमी दिसतं. मंगळवारी मी घरी येईस्तोवर ती जेवत न्हाय. का, ते मला ठाऊक हाय. इतकी वर्षं झाली, तिच्यापाशी बसून माझं चुकलं म्हणायला माझी जीभ उचलत न्हाय. तिनं मला कधीच माफ करून टाकलं असंल, पण माझं मला होत न्हाय.

तुमी शिकलेली तरणी माणसं, अंधश्रद्धेवर पत्रकं छापता, गावोगाव बोलता, बोला, बापाचा शब्द मला बी प्यारा हाय. फक्त माझं एक ऐका. ढिगावर चढायच्या आधी समोरच्या बाईला बाजूला घ्या, एकटीला, आणि विचारा, माय, तुला भ्या कशाचं वाटतं? आणि पहिल्यांदा आपल्या घरात विचारा. आजच विचारा.