उशाकडचा डावा पाय

(बोईसर, दांडीपाडा. भाड्याची एक खोली. दुपारचा एक वाजून गेलाय. पलंग उलटा पडलाय, गादी भिंतीला टेकून उभी आहे. घरात मिस्त्री आला म्हणून खरं तर बाईमाणूस खूश व्हायचं. पण हंसाचा चेहरा असा, की जणू कुणी पलंग न्यायला आलंय.)

हंसा : बस झालं ना काका? अजून किती ठोकणार?

रामनाथ : अगं बाय, ठोकलंय कुठं अजून? आत्ता तर खोललाय. मिस्त्रीला घाई करू नये आणि भात शिजताना सारखं झाकण काढू नये.

हंसा : तसं नाय. फार घट्ट नका करू, एवढंच बोलते.

रामनाथ : फार घट्ट? चाळीस वर्षं हातात पटाशी आहे, असं गिऱ्हाईक पहिलंच. तुझा नवरा फोनवर म्हणाला, काका, कुई म्हणून आवाज यायला नको.

हंसा : शैलेशनं बोलावलं तुमाला? मला वाटलं, घरमालकानं पाठवलं.

रामनाथ : तुला बोलला नाही?

हंसा : राहिलं असेल. पन काका, चार पायांतला एक जरा हलला तर काय बिघडतं?

रामनाथ : इकडं ये, बघ. हा उशाकडचा डावा पाय. पट्टीचं टोक या खाचेत ठासून बसायला हवं. आता बोट जातंय आत. आणि ही भुकटी बघ, तांदळाच्या पिठासारखी. लाकडावर लाकूड घासलंय.

हंसा : भूकंपाचे धक्के बसतात ना. तिकडं डहाणू-तलासरीला हललं की इथं आमची भांडी वाजतात.

रामनाथ : धरणी हलली तर चारी पाय हलतील. ती काय डावा-उजवा बघते? पोरं नाचली तर पायथा सुटतो. इथं एकच कोपरा सुटलाय. कुणीतरी झोपून हलवतंय तो. बारीक बारीक, भराभर.

हंसा : तुमी सुतार की ज्योतिषी?

रामनाथ : सुतारच. म्हणून विचारतोय. या बाजूला कोण झोपतं?

हंसा : शैलेश.

रामनाथ : आणि गादीला हा गोडूस वास कसला?

हंसा : बोईसरला वास कुठं नाय काका?

रामनाथ : हा तसला नाही. खुंटीवरचा तो राखाडी शर्ट, हिरव्या पट्टीचा, त्याचाच?

हंसा : हा, केमिकल कंपनीचा. तीन वर्षं झाली. आधी सातपाटीला सासऱ्यांच्या बोटीवर जायचा. का हो?

रामनाथ : डिसेंबरात सरावलीला एक पलंग केला होता मी. उशाचाच पाय. अशीच भुकटी, असाच वास. आणि खुंटीवर असाच शर्ट.

हंसा : मग?

रामनाथ : आधी तू सांग. घट्ट का नको?

हंसा : कुनाला बोलनार नाय?

रामनाथ : माझ्या घरी मी आणि मांजर. बोल.

हंसा : त्याला झोपेत कायतरी होतं, काका. संक्रांतीपासनं. अंग ताठ होतं, मग हातपाय उडतात, तोंडातनं फेस येतो. पहिल्यांदा झालं तेव्हा पलंग कुरकुरला म्हनून मी जागी झाले. आता तो आवाज आला की उठते, त्याला कुशीवर वळवते, तोंड पुसते. सकाळी त्याला कायच आठवत नाय. आवाज बंद झाला तर मला कळनार कसं? मीपन दिवसभर पॅकिंगला उभी असते. मेल्यावानी झोप लागते.

रामनाथ : त्याला नाही सांगितलंस?

हंसा : गणपतीनंतर पर्मनंट व्हनार तो. त्याच्या आधी मेडिकल हाय. सांगितलं तर घाबरेल, नि घाबरला की डॉक्टरसमोर सगळं ओकेल. तोंडावर एक नि पोटात एक त्याला जमतच नाय. म्हनून मीच पोटात ठेवलं. आता सरावलीचं सांगा.

रामनाथ : नको. राहू दे.

हंसा : सांगा काका.

रामनाथ : तुझ्या नवऱ्याच्या वयाचा पोरगा. मितेश. भिंतीपल्याड दुसरं बिऱ्हाड, आवाजाची लाज वाटते म्हणाला. मी पाचरी मारून असा बसवला पलंग, की वर हत्ती नाचला तरी हूं नाही की चूं नाही. त्याच्या बायकोनं चहा दिला. म्हणाली, आज शांत झोप लागेल.

हंसा : आन् लागली?

रामनाथ : दोघांनाही. सकाळी ती एकटीच उठली.

हंसा : आई गं.

रामनाथ : आठवड्यानं पटाशी विसरली होती म्हणून गेलो, तर ती सारखं एकच म्हणत होती, आवाज आला असता तर उठले असते. मला वाटलं, दुःखात बरळतेय पोर. आज तुझ्या तोंडून कळलं मला. फार चांगलं काम केलं होतं मी तिथं.

शैलेश : (दारातून आत येत) काय काका, झाला का नाय पलंग? सलूनला एवढी गर्दी, हाफ डे गेला माझा. हंसा, डबा भर. दोनची बस हाय.

हंसा : भरलाय, हा घे. मिस्त्रीला तू बोलावलंस?

शैलेश : मग काय, शेजारी बोंबलतात. काका, चारी पाय एकदम टाईट मारा.

हंसा : नाय मारनार ते. तू बस आधी. रात्री तुला झोपेत...

शैलेश : ठाऊक हाय.

हंसा : काय ठाऊक हाय?

शैलेश : सकाळी जीभ चावलेली असते. उशी पलटलेली असते. तू चहात साखर टाकायची विसरतेस, नि पॅकिंगला उभ्या उभ्या डुलक्या घेतेस म्हनून तुझ्यासोबतची रूपल सांगत होती. तुझी झोप मोडू नये म्हनूनच काकांना फोन केला.

हंसा : माझी झोप! अरे, जीव गेला असता तुझा!

शैलेश : तसं काय नाय गं. आमच्या लाईनला सगळ्यांनाच थोडंफार होतं. यूपीवाले बोलतात, आदत हो जाती है.

रामनाथ : मितेशला झाली का सवय?

शैलेश : सरावलीचा मितेश? तुमी ओळखता त्याला? तो डिसेंबरातच नोकरी सोडून गावाला गेला.

रामनाथ : कोण म्हणालं?

शैलेश : सुपरवायझर. त्याच्या जागेवर तर मला घेतला, आतल्या टाकीवर.

रामनाथ : गावाला नाही गेला रे बाबा. मी बसवलेल्या पलंगावरून त्याला उचलला.

शैलेश : काय बोलता काका?

रामनाथ : बायको आहे त्याची, सरावलीला. जाऊन विचार.

हंसा : शैलेश, बसचा हॉर्न वाजतोय. ऐकतोस ना? तो डबा खाली ठेव.

शैलेश : थांब जरा. मितेशच्या आधी त्या टाकीवर सुका म्हनून एक पोरगा होता. तोपन असाच, एक दिवस आलाच नाय.

रामनाथ : मग, त्याचं काय सांगितलं?

शैलेश : तेच. गावाला गेला.

हंसा : कुठल्या गावाला?

शैलेश : सुका वाणगावचाच, हंसा. रोज घरूनच यायचा तो. हा डबा धर.