हौसेची व्हॅन

आमच्या व्हॅनच्या सफरीत काय झालं सांगतो. रिटायर झाल्यावर बायकोला घेऊन पाहुणे, मित्र, तळी, जंगलं बघत फिरायला निघालतो. निपाणीत मित्राकडं राहिलो, सदलग्यात मेहुणीला भेटलो आणि खानापूरच्या जंगलाजवळ एका तळ्याकाठी गाडी लावली. बायको दगडावर स्टोव्ह मांडून भात शिजवत होती. शेतातनं घरी निघालेली एक म्हातारी थांबली आणि तिला म्हणाली, "ल्योकानं घरातनं काढलं व्हय गं?"

मी ऐटीत म्हटलं, "न्हाय ओ आक्का, बेळगावात घर हाय की! हौसेनं फिरतोय."

म्हातारीनं मला खालवर न्याहाळलं आणि बायकोचा हात धरला. "ह्येची हौस फिटू दे. तू चल माझ्याकडं, गरम भाकरी खायाला."

आणि बायको गेली की! जाताना मला एवढंच म्हणाली, "भात करपू देऊ नका."