पानावर न दिसणारा पत्ता

मंडळी, एक सांगा! एखादी गोष्ट झाकून दिली आणि एखादी दिलीच नाही — हे एकच का हो? माना डोलावू नका. आधी ऐका!

मिरजेतला अद्वैत कुलथे. वेबसाइट बनवणारा. हुशार — आणि हुशारीची घमेंड त्याहून मोठी! बायकांच्या एका शिवणवर्गाचं काम त्याच्याकडे आलं. पानावर काय दिसायला हवं? शिकवणाऱ्या बाईंचं नाव आणि वर्गाची वेळ. बस्स!

आता माहिती असते सर्व्हरवर — म्हणजे आपल्या माजघरात. ब्राउझर असतो लोकांच्या फोनात — म्हणजे पार रस्त्यावर! आतलं काय बाहेर जाऊ द्यायचं, हे ठरवणार कोण? अद्वैत! त्याच्याकडे 'शिक्षिका' नावाचं एक व्हेरिएबल होतं — नाव लिहिलेला डबाच म्हणा ना. त्यात नाव, वेळ, फोन, घरचा पत्ता, सगळं. या पठ्ठ्यानं अख्खा डबा ब्राउझरला देऊन टाकला! तिथं दोन ओळी दाखवल्या, बाकीच्या झाकल्या.

काम तपासणाऱ्या फरीदाताई म्हणाल्या, "अरे, पत्ता कशाला पाठवतोस? दोनच गोष्टी वेगळ्या काढून दे की."

"ताई, दिसतोय का कुठं? मग! पुढं लागला तर पुन्हा कोण लिहीत बसणार?"

पुढं लागला तर! आळस, मंडळी — शुद्ध आळस!

त्या शिक्षिका, सुनयनाबाई, मारकुट्या नवऱ्यापासून पळून आलेल्या. पत्ता सख्ख्या भावालाही दिला नव्हता! नवऱ्यानं वेबसाइटवर नाव पाहिलं. कुणीतरी त्याला शिकवलं, पानाच्या आतला मजकूर कसा उघडायचा. कुलूप तोडावं लागलं का हो? छे! दोन टिचक्या — आणि पत्ता पिनकोडासकट हजर!

भर दुपारी दारावर लाथ बसली. शेजारणी धावल्या म्हणून बाई जिवानिशी वाचल्या.

पेटीवाले, थांबा. इथं सूर नको.

अद्वैत पोचला तेव्हा बाई शिवणयंत्र टेम्पोत चढवत होत्या. कपाळाला पट्टी. याला मान वर करवेना. "बाई, मी झाकला होता हो पत्ता..."

"झाकला होतास? मग त्याच्या हातात दिलास कशाला?"

घरी जाऊन त्यानं दोनच गोष्टी ठेवल्या, बाकी सगळं सर्व्हरवरच अडवलं. पण टेम्पो निघून गेला होता! कुठल्या गावी, ते बाईंनी कुणालाच सांगितलं नाही.

अद्वैतवर दात खाताय? खा! पण परवा आपल्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर यादी पडली — बायकांची नावं, फोन, घरं, कोण एकटी राहते तेसुद्धा! हवं होतं काय? प्रसाद कुठल्या दिवशी कुणाकडे, एवढंच! म्हणे, "आपलीच माणसं आहेत." ग्रुपवरची दोनशे चाळीस? सगळी आपलीच?

कुणी टाकली, मला ठाऊक आहे. तिकडं बघत नाही. फोन काढा, यादी पुसा. आणि ज्यांनी ती पुढं पाठवली, त्यांनी आत्ता उठून त्या बायांना तोंडानं सांगा — तुमचं घर आम्ही कुणाकुणाला दाखवलं ते! आरतीचं तबक तोवर खालीच राहील.