कांडी काही पडेना

...आणि वर मलाच विचारतात हो, "वैष्णवी, तूच तं काही केलं नसशील न?" मला! बी.एस्सी. केमिस्ट्री झालेल्या, लग्नाआधी तीन वर्षं वाशिमला क्लासमध्ये आठवी-नववीच्या पोरांना विज्ञान शिकवलेल्या बाईला! बरं, विचारणारे कोण? आमचे हे. विकास. ज्यांना गॅसचा लायटर उलटा धरून टकटक करताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. तुम्हाला सांगते, मी कोणावर संशय घेत नाही. माझा तो स्वभावच नाही. पण पोरीच्या उष्टावणाच्या दिवशी, सकाळी नऊ वाजता, पंचवीस पाहुण्यांचा स्वयंपाक व्हायचा असताना, चांगली चालती शेगडी आपोआप बंद पडते का हो? आपोआप? आमच्या घरात आपोआप तर पंखासुद्धा बंद होत नाही, मलाच उठावं लागतं!

थांबा, शेगडी कुठली ते आधी सांगते. ही कांडीची शेगडी. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, आणि तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, दळून, दाबून बोटाच्या पेराएवढ्या कांड्या करतात, पेलेट म्हणतात त्यांना. त्या वरच्या डब्यात ओतायच्या, डब्याच्या बुडाशी शेवयाच्या यंत्रात असतो तसा एक स्क्रू फिरतो, तो एकेक कांडी पुढे ढकलतो, खाली विजेचा छोटा पंखा हवा मारतो, आणि जाळ कसा, तर सरळ, निळसर, शिस्तीत उभा राहिलेला. धूर नाही. धूर नाही, हे ऐकलंत न? कारण सगळं घोडं त्या धुरापाशीच पेंड खातंय.

आमची राखी आता सहा महिन्यांची. राखी पौर्णिमेला झाली म्हणून राखी. दुसऱ्या महिन्यापासून तिला खोकला. असा तसा नाही, इवलीशी छाती पिशवीसारखी आत जायची आणि मी आपली श्वास मोजत बसायची, तिचे आणि माझेही. वहीत तक्ता केला होता हो मी खोकल्याचा! सकाळ, दुपार, संध्याकाळ, शेरा. वाशिमच्या डॉक्टरांनी तो तक्ता बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "ताई, घरात चूल आहे का? मग तक्ता बंद करा आणि चूल बंद करा." गॅस होता घरात, नाही असं नाही, पण गॅसवर चहा आणि दूध. भाकरी, आंघोळीचं पाणी, म्हशीचं आंबोण, सगळं चुलीवर. म्हणून ही शेगडी आणली. आणि तीन आठवडे, तुम्हाला सांगते, तीन आठवडे पोरगी एकदाही खोकली नाही! मी दुपारी ती झोपली की तिच्याजवळ बसून वाट बघायची, आता खोकेल, मग खोकेल... नाही खोकली. त्यानंही माणूस घाबरतं हो. इतकं बरं कसं काय चाललंय म्हणून!

आणि मग त्या दिवशी सकाळी तुरीच्या डाळीचं पातेलं चढवलं, डाळीला जरा कढ येतोय न येतोय तोवर शेगडी म्हणाली, टिंग टिंग टिंग. लाल दिवा. पंखा चालू, मोटर घुं करतेय, डबा काठोकाठ भरलेला, आणि खाली कांडी काही पडेना! जाळ लहान लहान होत गेला आणि विझला. आणि सिलिंडर? तो दोन दिवसांपूर्वी संपलेला. तोही आपोआप!

मी कोणावर संशय घेत नाही. पण माझ्या मागे उभं कोण होतं, तर सासूबाई. रुख्मिणीबाई. पदराला हात पुसत, एकदम शांत. इतकं शांत माणूस कधी असतं? त्याला आधीच माहीत असतं तेव्हा!

"काय झालं वं?"

म्हटलं, "कांडी पडून नाही राहिली आई."

"मले वाटलंच."

वाटलंच! का वाटलंच? कोणत्या आधारावर वाटलंच? आणि पुढचं ऐका, "बारा वाजेलोक पाह्यतो सूनबाई. मंग मी आपली चूल पेटवतो. पाव्हण्याले काय हवा वाढू?"

आता मला आठवलं. आदल्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंनी चूल सारवली होती! तीन आठवडे थंड पडलेली चूल, हिरव्यागार शेणानं, कडेनं चुन्याची रेघ ओढून! मी विचारलंही होतं, आई, कशाला? तर म्हणाल्या, "असंच." असंच कोणी चूल सारवतं का? पुरावा म्हणतात त्याला पुरावा! आणि चूल मांडलेली कुठं, तर स्वयंपाकघरात, पाळण्यापासून एका भिंतीच्या अंतरावर. ती भिंतही छतापर्यंत गेलेली नाही. म्हणजे जिच्या छातीसाठी शेगडी आणली तिच्याच उष्टावणाला तिच्या नाकात धूर. मी घड्याळ बघितलं. नऊ वाजून दहा मिनिटं. आणि मुदत बारापर्यंत!

आणि शेगडी आली त्या आठवड्यात आमचं वाजलेलंही होतं. बिब्ब्यावरून. सासूबाईंनी पाळण्याला नजर लागू नये म्हणून काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधला होता. आता बिब्बा म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे, काळं टणक बी, पण आत तेल असं की कातडीला लागलं तर फोड येतात, बिब्बा उतला म्हणतात. आणि पोरगी हाती लागेल ते तोंडात घालते! मी काढून टाकला. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "फेकला का वं?" म्हटलं, "नाही आई, नीट ठेवलाय." संपला विषय. पण माणसाच्या मनात राहतं न!

बरं, मी कोणावर संशय घेत नाही, म्हणून मी सगळ्यांवर सारखाच घेतला. सासरे! उकंडराव. मामाजी म्हणते मी त्यांना. आमच्या ओसरीत दोन पोती शेजारी शेजारी असतात, एक शेगडीच्या कांडीचं, एक म्हशीच्या खुराकाचं. आणि म्हशीचा खुराकही कांडीच! रंग तोच, जाडी तीच. आणि सकाळी डबा भरला कोणी? मामाजींनी! मी विचारलं, "मामाजी, कोणत्या पोत्यातली भरली?"

"कांडीच्या."

"पण कोणत्या कांडीच्या?"

"आता घ्या! म्या चाळीस वर्स ढोरं पोसली, मले ढोराचं अन् मानसाचं समजत नाही का?"

"मामाजी, शेगडी माणूस नाही."

"मंग काहून तिच्या मांगं एवढी जीव टाकून राह्यली?"

मी डब्यातली मूठभर कांडी घेतली, नाकाशी धरली. काही कळेना. आणि मग... कोणाला सांगू नका... मी चाखली. खुराकात मीठ असतं, हे विज्ञान! पोरांना पहिल्या दिवशी मीच सांगायची, प्रयोगशाळेत काहीही चाखायचं नाही, आणि इथं ओसरीत उभी राहून कांडी चघळतेय, आणि गोठ्यातून म्हैस माझ्याकडे बघतेय, अशी बघतेय की जशी तिच्या ताटातलं उचललं. खारट नव्हती. तुराट्याच होत्या. मामाजी सुटले.

राहिले विकास. त्यांनी तोवर शेगडीला दोन थापा मारल्या होत्या, एक डावीकडून, एक उजवीकडून, मग वायर काढून लावली, परत काढून लावली. मी म्हटलं, "परवा पाऊस शिंतडला तेव्हा पोतं कोणी उघडं ठेवलं होतं?" तर म्हणे, "तू तर कोर्टात पाह्यजे होती." आणि तेव्हा विचारलं हो त्यांनी ते वाक्य! "तूच तं काही केलं नसशील न?" माझ्या अंगाची आग आग! शेगडी आणली मी, पुसते मी, माहितीपुस्तक दोनदा वाचलं मी, आणि...

तितक्यात माझ्या भावाचा फोन. हरीओमचा. उष्टावणात मामाच्या मांडीवर बसून पहिला घास असतो न! "ताई, आसेगाववरून निघालो बरं का. खीर तयार ठेव." ठेवते हो बाबा. दूध कच्चं, तांदूळ कोरडे. साडेदहा.

मेकॅनिकला फोन लावला. सेवालाल नाव त्याचं. आला बिचारा वाशिमवरून मोटारसायकलवर, पण आल्या आल्या, डोक्यावरचा रुमालही सोडला नाही आणि विचारतो काय? "कोणी हात लावला व्हता का हिले?"

बघा! त्यालाही तोच संशय! म्हटलं, "भाऊ, स्वयंपाकाला हात लावावाच लागतो."

त्यानं आधी वायर काढली. आरसा घातला, टॉर्च घातली. "मोटर ठीक. बेल्ट ठीक. भुसाबी जमला नाही." मग माझ्याकडे बघून, "मॅडम, शेगडी खाऊन नाही राह्यली म्हंजे घास अटकला तिचा."

ओसरीतून मामाजी म्हणाले, "म्या तेच सांगून राह्यलो कवाचा! तिफणीच्या चाड्यातून दाणा पडना, तं बैलाले पुसता का, तुले काय झालं म्हनून? चाडं रितं करा लागते!" चाडं म्हणजे पेरताना ज्या लाकडी वाटीतून बी खाली नळीत सोडतात ते. आता खरं सांगू? सकाळपासून त्या घरात बोललं गेलेलं पहिलं शहाणं वाक्य ते होतं, आणि मी कांडी चघळत असल्यामुळे ते आधी माझ्या कानावरच पडलं नव्हतं.

मग ताडपत्री अंथरली, डबा उलटा केला. कांडी, कांडी, कांडी. काही नाही. सासूबाई घड्याळाकडे बघतायत, साडेअकरा. माझ्या कडेवर राखी, पिवळी टोपी घालून, मी स्वतः विणलेली, सगळ्यांकडे बघून हसतेय. सेवालालनं स्क्रू उलटा फिरवला. कर्रर्र. "हां! हाये कायतरी. कडक हाये." आता कळेल! आता कळेल कोणी केलं! तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला शेगडी चालू होण्यापेक्षा गुन्हेगार सापडण्याची जास्त घाई होती.

सेवालालनं चिमट्यानं ओढलं. बाहेर आलं एक काळं, चेचलेलं, तेलकट... बिब्बा.

सगळे सासूबाईंकडे वळले. मी सगळ्यात आधी! माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, "आई, मी कोणावर संशय घेत नाही, पण..." आणि बिब्ब्यामागून हळूहळू दोरा बाहेर आला. लांबच लांब.

सासूबाई वाकल्या. म्हणाल्या, "म्या तं काळ्या दोऱ्यात ओवला व्हता. हे पिवळी लोकर कोनाची वं?"

मग सगळ्यांनी बघितलं राखीच्या टोपीकडे. टोपीकडून माझ्याकडे.

आता काय सांगू तुम्हाला! विसरले होते हो मी! शप्पथ विसरले होते! शेगडी आली त्या आठवड्यात गल्लीतल्या बायका बघून गेल्या, "बाप्पा! धूरच नाही वं! बरं हाये तुहं!" असं म्हणून गेल्या. आणि पोरगी खोकेना. आणि मला भीती. पाळण्याचा बिब्बा काढलेला, फेकायची तर हिंमत नाही. विश्वास नाही हं माझा असल्या गोष्टींवर! मुळीच नाही! पण माझा विश्वास नाही हे नजरेला कुठं माहीत असतं? म्हणून म्हटलं, पाळण्याला नको, शेगडीलाच बांधू, पोरीच्या हाताला लागणार नाही, बाहेरून दिसणार नाही... डब्याच्या झाकणाला, आतून. आणि काळा दोरा म्हणजे अंधश्रद्धा, म्हणून पिवळी लोकर. लोकर म्हणजे सजावट!

कोणी हसलं नाही, हे जास्त वाईट. मग मामाजी हसले. मग विकास इतके हसले की खांबाला धरून बसले. सेवालाल मात्र बोटं हवेत धरून उभा, तेल लागलेलं न! सासूबाईंनी धावत खोबरेल आणलं, त्याच्या बोटांना चोळता चोळता माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "बांधला ते बरंच केलं. पन गाठ तं नीट मारा लागते न माय. शाळेत शिकवत नाहीत का?"

म्हटलं, "आई, तुम्ही काल चूल सारवली..."

"मंग! लेकराचं उष्टावन हाये. पयलं हळद-कुकू चुलीले लावा लागते का नाही? विझली असली म्हनून का उपाशी ठेवू तिले?"

बघा. सारवली ती पूजेला. पेटवायला नव्हे, पूजेला! आणि मी नऊ वाजल्यापासून मनात खटला चालवून शिक्षासुद्धा सुनावून बसले होते.

मग स्क्रू रॉकेलच्या बोळ्यानं पुसला, कोरडा केला, दोघांनी शेगडी उचलून आवारात नेली, बिब्ब्याचं उरलंसुरलं तेल जळेल म्हणून पहिला जाळ तिथं, वाऱ्यावर, पाळण्यापासून लांब. कांडी पडली. टप... टप... टप. आयुष्यात इतका गोड आवाज मी ऐकला नाही, राखीच्या पहिल्या रडण्यानंतर. खीर झाली साडेबाराला, हरीओम आला पाऊणला, आणि पोरीनं मामाच्या मांडीवर पहिला घास घेतला आणि थुंकला, म्हणजे सगळं यथासांग झालं. आणि खोकली नाही हो! एकदाही नाही.

जाताना सेवालालनं तक्रारीचा कागद काढला. "बिघाडाचं कारन काय लिहू?" विकास म्हणाले तांत्रिक लिहा. सासूबाई म्हणाल्या नजर लिही बाप्पा. मी म्हटलं, "बाह्य वस्तू लिहा, शास्त्रीय शब्द आहे." त्यानं लिहिलं: बिब्बा, घरचा. आणि खाली माझी सही घेतली.

आता शेगडीवर नवा बिब्बा आहे. वर, भिंतीच्या खिळ्याला, डब्यापासून चांगला दोन हात बाजूला. सासूबाईंनी आणला, पण बांधायला मलाच लावला. आणि रोज सकाळी डाळ चढवायच्या आधी मी स्टुलावर चढून ती गाठ ओढून बघते. सासूबाई खालून म्हणतात, "काहून वं, कोनी सोडन का तिले?"

नाही हो. मी कोणावर संशय घेत नाही. पण गाठ मी मारलीय न!