ट्रकच्या दारावरचा हात

बाळापूरच्या बसथांब्यावर अनुश्री लेकराला बाटलीनं दूध पाजत बसली होती. मागच्या बाकावर एक ट्रक ड्रायव्हर आणि ट्रक धुणारा बोलत होते.

“काहून गप हाय, गोपाळदादा? गाडी आरशावानी चमकून राहिली की!”

“दारावरचा शेंदराचा हात कुठं गेला, संतराम?”

“धुतला. एरवी तिथं मशीनचं पाणी मारतच न्हाई मी. पण दसरा आला. म्हणलं, तुमची लेक छकुली दरसालासारखा नवा हात उठवंल, जागा साफ पायजे. गाडी दुसराच ड्रायव्हर घेऊन आल्ता. तुमी कुठं होते?”

“घरी. छकुली गेली रे. तापानं.”

लेकराच्या तोंडातून बाटली निसटली, तरी अनुश्री हलली नाही.

“एखादं बोट तरी राह्यलं असंल?”

“न्हाई, दादा. लई मन लावून धुतला.”